जुन्या प्रसारणांच्या ऑनलाइन रेडिओवर एआयचे संगीत वाजवावे का?

मांडवीकाठ

जुनी नभोवाणी-प्रसारणे दिवसभर ऐकवणाऱ्या ऑनलाइन रेडिओ केंद्रांविषयी हा धागा काढत आहे. परदेशातील अशी केंद्रे १९३० ते १९५० या दशकांतील नभोनाट्ये, युद्धकाळातील बातमीपत्रे आणि नृत्यगृहांतील वाद्यवृंद लावतात. आपल्याकडे हौशी संग्राहकांनी चालवलेल्या केंद्रांवर भावगीते, नाट्यपदे, कोकणी गाणी, कीर्तने आणि मधूनच एखाद्या जुन्या उद्घोषणेचा तुकडा कानी पडतो. मी या केंद्रांचा नियमित श्रोता आहे आणि त्यांच्या चालकांच्या कष्टांविषयी मला आदर आहे.

अलीकडे मात्र दोन जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मधल्या जागेत एआयकडून करवून घेतलेले संगीत येऊ लागले आहे. एका केंद्रावर (नाव मुद्दाम देत नाही) मी एक नाट्यपद ऐकले. मागे तबकडीची खरखर होती, ऑर्गनचा भरदार सूर होता आणि फोनच्या पडद्यावर शीर्षकाशेजारी १९३४ हे वर्ष होते. गायिकेचे नाव दिसेना म्हणून चालकांना विचारले. त्यांनी लगेच आणि मोकळेपणाने कळवले की ते पद एआयने तयार केलेले आहे व दाखवलेले वर्ष हे 'शैलीचे वर्ष' आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे पद मात्र खरोखर जुने होते. हा फरक श्रोत्याला कळावा अशी कोणतीही सोय तिथे नव्हती.

गोव्यासाठी हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. इथली नभोवाणी १९४६ मध्ये पोर्तुगीज राजवटीत 'एमिसोरा द गोवा' या नावाने सुरू झाली; १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला; आणि मुक्तीनंतर, १९६२ च्या जानेवारीत, आकाशवाणीचे पणजी केंद्र बोलू लागले. सत्ता, भाषा आणि यंत्रणा एकदमच बदललेल्या प्रदेशात जुना आवाज मुळातच थोडा उरतो. त्या थोडक्यात आपणच बनावट भर घातली, तर पुढच्या पिढीला खरे कोणते हे कोण सांगणार? माझा प्रश्न असा आहे की अशा केंद्रांनी हे संगीत वाजवावे का, आणि वाजवायचे असेल तर कोणत्या अटींवर?

सांतेरी

वाजवू नये. ज्यांना नवे संगीत ऐकवायचे आहे त्यांनी नवे केंद्र काढावे.

तारवटी दर्यावर

मी जहाजावर नोकरी करतो. पूर्वी किनारा सुटला की घरचा रेडिओ सुटायचा. आता जहाजावर उपग्रहावरून इंटरनेट मिळते आणि १२८ केबीपीएस दर्जाचे केंद्र तासभर ऐकले तर साठ एमबीच्या आतच डेटा खर्च होतो, त्यामुळे पाळी संपल्यावर ऑनलाइन रेडिओ हीच माझी करमणूक आहे. मला खरे सांगायचे तर गाण्यापेक्षा दोन गाण्यांमधले माणसाचे बोलणे अधिक हवे असते. 'हे आकाशवाणीचे पणजी केंद्र आहे' हे वाक्य समुद्राच्या मध्यावर ऐकल्यावर काय होते ते शब्दांत मांडता येणार नाही. गाणे एआयचे असले तर मी कदाचित सोडून देईन. पण उद्घोषक एआयचा असेल तर मी ते केंद्र पुन्हा लावणार नाही.

पायपेटी

मांडवीकाठ, तुमची तळमळ समजते, पण 'वाजवू नये' या भूमिकेला माझा विरोध आहे आणि त्याचे कारण नभोवाणीच्याच इतिहासात आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. हे वाद्य परदेशी आहे, त्याचे स्वर ठरीव आहेत, त्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सलग घसरत जाणे) निघत नाही, म्हणून ते भारतीय संगीताला भ्रष्ट करते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. ज्या काळात गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक नाटक कंपनीत, प्रत्येक भजनी मंडळात पेटी वाजत होती, त्याच काळात नभोवाणीवर ती ऐकू येत नव्हती. याचा परिणाम असा झाला की त्या तीन दशकांतील कितीतरी पेटीवादकांचे वादन नभोवाणीच्या संग्रहात आलेच नाही.

दुसरे उदाहरण १९५२ नंतरचे. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन गाठले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. काय शुद्ध आणि काय अशुद्ध हे प्रसारकाने ठरवले की श्रोता निघून जातो. एआयचे संगीत आज कच्चे असेल, पण ते ऐकायचे की नाही हे श्रोत्याला ठरवू द्यावे.

अंत्रुजकर

पायपेटी, इतिहास आपण अचूक सांगितला, पण तो या प्रश्नाला लागू पडत नाही. हार्मोनियम हार्मोनियम म्हणूनच वाजत होती. कुणीही पेटी वाजवून 'ही सारंगी आहे' असे श्रोत्याला सांगत नव्हते. रेडिओ सिलोनवर चित्रपटगीत लागले की गायक, संगीतकार, गीतकार आणि चित्रपट यांची नावे सांगितली जात. मांडवीकाठ यांनी दिलेल्या उदाहरणात केंद्राने १९३४ हे वर्ष छापले आणि त्या वर्षी ते गाणे अस्तित्वातच नव्हते. इथे शुद्धाशुद्धतेचा वादच येत नाही; केंद्राने श्रोत्याला खोटी माहिती दिली आहे, एवढाच मुद्दा आहे.

श्रोत्याला ठरवू द्यावे हे मलाही मान्य आहे. पण ज्याला काय वाजते आहे हेच सांगितलेले नाही, त्याने ठरवायचे तरी कशाच्या आधारावर?

पायपेटी

नाव आणि वर्ष खरे द्यावे, याबद्दल माझे दुमत नाही. माझा आक्षेप सरसकट बंदीला आहे.

मडगावचा गिटारवादक

मी एका छोट्या ऑनलाइन केंद्राला तांत्रिक मदत करतो आणि एआयचे संगीतही वापरतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो. चोवीस तासांचे केंद्र बहुधा एकच माणूस नोकरी सांभाळून चालवतो. जुन्या प्रसारणांची लांबी अनियमित असते. एखादे भाषण अकरा मिनिटांचे, एखादी मुलाखत मध्येच तुटलेली. पुढचा कार्यक्रम ठरल्या वेळी लावायचा तर मधली जागा भरावी लागते. व्यावसायिक गाणी लावायची तर परवाने हवेत आणि त्यांचे शुल्क हौशी माणसाच्या आवाक्यात नसते. वादक बोलावून नवे संगीत ध्वनिमुद्रित करायचे तर त्यांना मानधन द्यायला हवे, आणि ते द्यायलाच हवे, कारण मी स्वतः वादक आहे. अशा वेळी सुनो किंवा उदिओसारख्या सेवेकडून दोन मिनिटांचे शांत वाद्यसंगीत करवून घेणे हा मार्ग उरतो.

पण आमच्या केंद्रावर त्या तुकड्यांच्या शीर्षकातच 'एआयनिर्मित वाद्यसंगीत' असे लिहिलेले असते. वर्ष देत नाही. मानवी आवाज वापरत नाही. आणि खरखर मुद्दाम घालणे हे मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती खरखर फक्त फसवण्यासाठीच असते.

डिचोलीची शिक्षिका

माझा अनुभव शाळेतला आहे. विद्यार्थ्यांना घुमट आरतीवर प्रकल्प करायचा होता. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिल्यापासून शाळांमध्ये त्याविषयी उत्साह आहे. काही मुलांनी एआयकडून 'गोव्याची पारंपरिक घुमट आरती' मागवली आणि ती वर्गात लावली. त्यात घुमट नव्हते, शामेळ नव्हते, कासाळे नव्हते. कुठल्यातरी ढोलकीसारख्या ठेक्यावर हिंदी भजनाची चाल होती. शब्दांत 'ळ' च्या जागी 'ल' होता, आणि 'चांदणे' आणि 'चरण' यांतले दोन्ही 'च' एकसारखे उच्चारले होते. मुलांना ते आवडले, कारण ध्वनी स्वच्छ होता.

यात एक गोष्ट लक्षात घ्यावी असे वाटते. पूर्वी घुमटाच्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणत असत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते आता वापरता येत नाही आणि बहुतेक ठिकाणी बकऱ्याचे कातडे लावतात. दोन्हींच्या नादात फरक आहे. घोरपडीच्या कातड्याचा तो नाद आता केवळ जुन्या ध्वनिमुद्रणांतच ऐकता येतो. म्हणजे ते ध्वनिमुद्रण गाण्याइतकेच त्या वाद्याचाही पुरावा आहे. पुराव्यांच्या रांगेत जे पुरावा नाही ते आणून बसवले, तर मुलांना मी फरक कसा शिकवणार? म्हणून माझा कल सांतेरी यांच्या बाजूने आहे.

तबकडीसंग्राहक

खरी ७८ फेऱ्यांची तबकडी आणि एआयने केलेली 'जुनी' तबकडी यांतला फरक ओळखण्याच्या काही खुणा सांगतो. लाखेच्या तबकड्या गोळा करणाऱ्यांना त्या ठाऊक असतात, पण ऑनलाइन ऐकणाऱ्यांनाही उपयोगी पडतील.

पहिली खूण लांबीची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटेच मावत. ख्याल असो वा नाट्यपद, कलावंताला तेवढ्यात सगळे बसवावे लागे. आपल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच आहे. '१९३० ची तबकडी' म्हणून सलग पाच मिनिटांचे पद ऐकू आले, तर विचारायला हवे की बाजू कुठे पालटली.

दुसरी खूण खरखरीची. तबकडीवर ओरखडा असेल तर प्रत्येक फेरीला सुई त्यावरून जाते, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा, सुमारे पाऊण सेकंदाच्या अंतराने, तोच 'टक्' ऐकू येतो. वरून चिकटवलेल्या खरखरीत ही लय बहुधा नसते. ती पावसासारखी सगळीकडे सारखी पडते.

तिसरी खूण ध्वनीच्या पल्ल्याची. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत कलावंत कर्ण्यात गात आणि त्या पद्धतीत अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही तबकडीवर उतरत नसे. त्या काळातली म्हणून सांगितलेली तबकडी झांजेची चकाकी स्पष्ट ऐकवत असेल तर शंका घ्यावी. आणि चौथी खूण शेवटची. १९०२ मध्ये कोलकात्याला गोहरजानचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गाणे संपताच तिने स्वतःचे नाव उच्चारले, आणि त्या काळातल्या अनेक कलावंतांनी तसे केले. तबकड्या परदेशात छापल्या जात; चिठ्ठी कोणाच्या तबकडीला लावायची हे तिथल्या माणसांना कळावे यासाठीही ती नावे उपयोगी पडत.

या खुणा कायमच्या नाहीत. पुढची एआय सेवा मिनिटाला ७८ ठोक्यांची खरखरही घालू शकेल. डीझर या फ्रेंच संगीतसेवेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की तिच्याकडे दररोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी ३४ टक्के, म्हणजे सुमारे ५०,००० गाणी, पूर्णपणे एआयने केलेली असतात. आणि त्याच वेळी तिने करवून घेतलेल्या पाहणीत ९७ टक्के लोकांना एआयचे गाणे आणि माणसाचे गाणे यांत फरक सांगता आला नाही. म्हणून कानावर विसंबून चालणार नाही. नोंद हवी. कोणी गायले, केव्हा, कोणत्या केंद्रावरून वा कोणत्या कंपनीच्या कितव्या क्रमांकाच्या तबकडीवरून, हे लिहिलेले हवे.

सांतेरी

तबकडीसंग्राहक, ही माहिती जपून ठेवली आहे. मनःपूर्वक आभार.

म्हापशाची वकील

परवान्याचा मुद्दा निघाला आहे म्हणून कायद्याची स्थिती थोडक्यात मांडते. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिका १ जानेवारी २०२५ पासून त्या हक्कातून मोकळ्या झाल्या. मात्र गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात. ते कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतात. जुनी तबकडी मोकळी झाली तरी गाणे मोकळे झालेलेच असेल असे नाही, आणि ही बाब हौशी चालकांच्या ध्यानात येत नाही. प्रसारण संस्थेला आपल्या प्रसारणावर जो वेगळा हक्क असतो त्याची मुदत २५ वर्षांची आहे.

मोठ्या रेडिओ केंद्रांना कलम ३१-ड खाली वैधानिक परवाना मिळू शकतो. इंटरनेटवरील प्रसारणाला ते कलम लागू नाही असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. गोवाही याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत असल्यामुळे इथल्या ऑनलाइन केंद्राला हक्कधारकांशी स्वतंत्र करारच करावे लागतात. गिटारवादक यांनी सांगितलेली अडचण खरी आहे.

पण एआयचे संगीत म्हणजे निर्धोक असेही समजू नये. सुनो आणि उदिओ या दोन्ही सेवांवर अमेरिकेतील बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जून २०२४ मध्ये दावे लावले, ते याच कारणासाठी की त्यांनी परवानगीविना ध्वनिमुद्रिका वापरून आपली यंत्रणा शिकवली असा आरोप होता. पुढे त्यातल्या काही कंपन्यांनी तडजोड करून परवाने दिले. शिवाय प्रत्येक सेवेच्या अटी वेगळ्या असतात; विनामूल्य खात्यातून केलेले संगीत व्यावसायिक वापरासाठी बहुधा चालत नाही. जाहिराती घेणाऱ्या केंद्रांनी या अटी वाचाव्यात.

मडगावचा गिटारवादक

आमचे केंद्र जाहिराती घेत नाही, पण अटी पुन्हा वाचून घेतो. कलम ३१-ड विषयीचे स्पष्टीकरण फार उपयोगी पडले.

कुशावतीतीर

एक वेगळी सूचना करतो. एआयचा वापर गाणी करण्यासाठी न करता हरवलेली प्रसारणे पुन्हा उभी करण्यासाठी केला तर? गोव्याच्या मुक्तिलढ्यात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून १९६१ पर्यंत सीमेवरच्या जंगलात राहून भूमिगत नभोवाणी चालवली. कोकणी आणि पोर्तुगीजमधून रोज बातम्या दिल्या. मुक्तीनंतर विमानातून ध्वनिक्षेपकावरून गोवा स्वतंत्र झाल्याची घोषणाही त्यांनीच केली. आजच्या शाळकरी मुलांना हे वाचून जेवढे कळते त्याहून ऐकून अधिक कळेल. त्या काळच्या बातम्यांवरून मजकूर लिहून तो एआयच्या आवाजात, त्या काळच्या रेडिओच्या ध्वनीत ऐकवला तर नव्या पिढीला ते दिवस जिवंत वाटतील.

अंत्रुजकर

कुशावतीतीर, हेतू उत्तम आहे, पण मला ही सर्वांत धोकादायक वाट वाटते. गाण्याच्या बाबतीत खोटे वर्ष दिले तर संगीताच्या इतिहासाचे नुकसान होते. इथे तर लढ्याच्या इतिहासाचे होईल. त्या दोघांनी जे वाक्य कधी उच्चारलेच नाही ते त्यांच्या आवाजात ऐकू आले, आणि ते ध्वनिमुद्रण संदर्भावाचून फोनवरून फिरू लागले, तर काही वर्षांत तेच अस्सल म्हणून भाषणांत वाजवले जाईल. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा साऱ्या देशाने त्यांच्या कामाची दखल घेतली. त्यांच्या मुलाखती उपलब्ध आहेत. ते अस्सल बोलणे ऐकवावे.

पोलंडमधील क्राकूव्ह शहरात एका केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये निवेदकांना काढून एआयचे निवेदक आणले आणि २०१२ मध्ये निवर्तलेल्या नोबेलविजेत्या कवयित्री विस्वावा शिम्बोर्स्का यांची 'मुलाखत' प्रसारित केली. लोकांचा क्षोभ इतका झाला की आठवडाभरात तो प्रयोग गुंडाळावा लागला. विशेष म्हणजे त्या केंद्राने एआयचा वापर लपवला नव्हता. म्हणजे केवळ सांगून टाकले की सगळे माफ होते असेही नाही. काही गोष्टी सांगूनही करू नयेत.

म्हापशाची वकील

आवाजाच्या नकलेबद्दल न्यायालयेही आता कठोर आहेत. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या अर्जावर आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने एआयने त्यांच्या आवाजाची नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. उलट बाजूने, २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी एका तमिळ गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि तसे जाहीरही केले. परवानगी आणि जाहीर उल्लेख या दोन्ही गोष्टी पाळल्या की वादाचे स्वरूप बदलते.

कुशावतीतीर

अंत्रुजकर, फोनवरून संदर्भावाचून फिरण्याचा मुद्दा पटला. मग असे करता येईल का? मजकूर वाचण्यासाठी आजच्या एखाद्या नाट्यकलावंताला बोलवावे, त्याच्याच आवाजात, खरखर न घालता, आणि सुरुवातीला व शेवटी 'हे नाट्यवाचन आहे' असे सांगून. आपल्याकडे चांगल्या आवाजांची वाण नाही.

अंत्रुजकर

हे मला पूर्णपणे मान्य आहे.

तारवटी दर्यावर

आणि त्या कलावंताचे नाव आवर्जून सांगावे.

साखळीचा श्रोता

थोडे वेगळे. माझ्या वडिलांची दृष्टी गेली आहे आणि त्यांचा दिवस ऐकण्यात जातो. आकाशवाणीचे पणजी केंद्र ते पूर्वी मीडियम वेव्हवर ऐकत, आता 'न्यूज ऑन एअर' ॲपवर मी लावून देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पणजीतल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने 'वेव्हज' हे ॲप सुरू केले, त्यावरची जुनी ध्वनिमुद्रणेही त्यांना ऐकवली. इथली चर्चा मी त्यांना वाचून दाखवली. त्यांचे म्हणणे असे की 'फोनच्या पडद्यावर लिहिले आहे' हा उपाय डोळसांसाठी आहे. पडदा न पाहणारे श्रोते बरेच असतात. गाडी चालवणारे, स्वयंपाक करणारे, अंध, वृद्ध. त्यांना आवाजातूनच सांगायला हवे. रेडिओ हे ऐकण्याचे माध्यम आहे, तर खुलासाही ऐकू येणारा असावा.

जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर काढण्यासाठी एआय वापरलेले त्यांना चालते का, असेही विचारले. बातमी किंवा भाषण असेल तर स्पष्ट ऐकू यावे म्हणून चालेल, गाणे असेल तर मूळ ऐकवा, असे ते म्हणाले.

मांडवीकाठ

साखळीचा श्रोता, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. पडद्यावरचे शीर्षक पुरेसे आहे असे मी धरून चाललो होतो, त्यामुळे हा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता.

सर्वांचे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे. एआयचे संगीत जुन्या प्रसारणांच्या केंद्रावर अजिबात नसावे असा आग्रह मी धरणार नाही, कारण गिटारवादक यांच्यासारखे चालक प्रामाणिकपणे ते वापरतात. पण एआयच्या कोणत्याही तुकड्याला वर्ष देऊ नये. त्यात तबकडीची खरखर वा रेडिओची घरघर घालू नये. हयात वा दिवंगत व्यक्तीच्या आवाजाची नक्कल नसावी. आणि तो सुरू होण्यापूर्वी माणसाच्या आवाजात तसे सांगावे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जो मसुदा काढला त्यातही कृत्रिम ध्वनीच्या आरंभीच्या १० टक्के भागात खुलासा ऐकू यावा अशी कल्पना होती, म्हणजे ही मागणी काही अवाजवी नाही. अस्सल प्रसारणाला मात्र उलट नियम हवा: वर्ष, केंद्र, कलावंत आणि ध्वनिमुद्रण कुणाच्या संग्रहातून आले, हे शक्य तितके सांगावे. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असे सांगावे. ज्या केंद्राने मला उत्तर दिले होते त्यांना मी हेच लिहिणार आहे.

पायपेटी

या अटींना माझी संमती आहे. एक भर घालतो: मधली जागा भरण्यासाठी आधी गावातल्या वादकांना विचारावे. आमच्या भागातल्या देवळांच्या भजनी सप्ताहांत पेटी, तबला, पखवाज वाजवणारी तरुण मुले आहेत. त्यांचे दोन-दोन मिनिटांचे वादन फोनवरही चांगले मुद्रित होते, आणि ज्या वादनाला तीस वर्षे नभोवाणीवर जागा मिळाली नाही, त्याला या केंद्रांवर मिळेल. मानधनासाठी आम्ही काही जण वर्गणी काढायला तयार आहोत.

मडगावचा गिटारवादक

पायपेटी, हे प्रत्यक्षात आणता येईल. आपल्याला निरोप पाठवतो. आमच्या केंद्रावरचे एआयचे तुकडे जसजसे वादन मिळेल तसतसे काढत जाऊ.

सावईवेऱ्याची

धागा सुरुवातीपासून वाचत आहे. आमच्या घरी काकांनी आकाशवाणीवरून उतरवून घेतलेल्या कॅसेट आहेत. नाट्यपदे, कीर्तने, गणेश चतुर्थीचे कार्यक्रम, मध्ये उद्घोषणा. काहींवर पांढरी बुरशी दिसते. एका ओळखीच्या मुलाने सगळ्या एआयने 'स्वच्छ' करून देतो असे सांगितले आहे. द्याव्यात का?

तबकडीसंग्राहक

बाय, अजून देऊ नका. आधी मूळ ध्वनी जसाच्या तसा उतरवून घ्यायला हवा, नंतर त्याची प्रत स्वच्छ करा. जगभरचे ध्वनिसंग्रह ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही किमान पातळी धरतात आणि शक्य तिथे ९६ किलोहर्ट्झवर उतरवतात. वेव्ह फाइलमध्ये, एमपी३ मध्ये नव्हे. उद्घोषणा, मधला खोकला, काकांनी बटण उशिरा दाबल्यामुळे तुटलेली सुरुवात, काहीही कापू नका. कार्यक्रम कोणता आणि कधीचा हे पुढे त्यावरूनच ठरवता येते. वेष्टनावर काकांनी जे लिहिले असेल त्याचा फोटो काढून त्याच क्रमांकाने ठेवा.

बुरशी आलेल्या कॅसेट आजच बाकीच्यांपासून वेगळ्या करा आणि कोणत्याही यंत्रात घालू नका, नाहीतर बुरशी यंत्राच्या हेडवरून (फीत जिथे घासून वाचली जाते त्या भागावरून) पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. आपल्याकडच्या दमट हवेत बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्या आधी कोरड्या होऊ द्या. हाताळताना तोंडाला फडके बांधा. आतली फीत मऊ, कोरड्या कापडाने पुसून नव्या कवचात घालता येते, मात्र कवच स्क्रूचे आहे की चिकटवलेले ते आधी पाहावे लागते. दोन-तीन कॅसेटचे फोटो इथे टाका, म्हणजे पुढचे सांगतो.